अक्का, तुझ्या डोळ्यातलं पिवळं

अक्का, तुझ्या डोळ्यातलं पिवळं गेलं म्हणून आबांनी कंदुरी केली, आणि त्या कंदुरीचं जेवण अंगी लागायच्या आधी तू गेलीस. तेरवी झाल्यापासून मी हे एवढंच मनात घोळवायलेय. पीराच्या थडग्यावर हिरवी चादर पडली, नवसाचा बोकड कापला, भावकी पोटभर जेवली. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती तू आमच्या डोळ्यांदेखत संपत चालली होतीस, आणि आम्ही तुझ्या ताटात अजून एक बोटी वाढायलो होतो. "खा की, आता तुला कशाचं पथ्य!" असं म्हणणारी मीच होते.

तुला लिहिलेलं वाचायचा लय कंटाळा. "मंगे, मोबाइलवर लांबड लावू नको, सरळ फोन कर," असं म्हणायचीस. आता फोन कुठं करू? तुझा नंबर दाजींच्या खिशात वाजतो. परवा सवयीनं लावला, ते "हॅलो" म्हणाले, आणि मी फोन ठेवून दिला. म्हणून लिहायलेय. मशीनवर ब्लाउजांचा ढीग तसाच पडलाय, बाया दारातून चौकशी करून परत जायल्यात. जाऊ दे.

आपलं घर पिवळ्या डोळ्यांचं. आबांचे डोळे पिवळे, आबांच्या बापाचे पिवळे होते म्हणतात, तुझे पिवळे. दोघी बहिणींत मीच तेवढी पांढऱ्या डोळ्यांची निघाले. लहानपणी मला वाटायचं, मेंढरांच्या पाठीवर आबा जशी रंगाची खूण करतात तशी ही खूण आहे, आणि जिच्यावर खूण नाही ती आपली नाही. एकदा मी यावरून भोकाड पसरलं होतं. माय नुकतीच गेली होती, त्यामुळं कशाचंही रडू यायचं. तू मला मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, "येडी का खुळी? तू धुऊन काढलेली हायेस. आमाला धुवायला पाणी पुरलं न्हाई." मी हसले. तू हसायला लावायचीस आणि स्वतः मात्र हसायची नाहीस, ही तुझी जुनी खोड.

सगळे त्याला कावीळ म्हणायचे. कावीळ येते आणि जाते. आपल्या घरात आलेली पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामालाच राहिली, तरी कुणाला प्रश्न पडला नाही. एका माणसाकडून आबा काविळीची माळ आणायचे, आठवतं? मुळ्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवलेले. आधी डोक्यावर ठेवायची, मग जशी कावीळ उतरेल तशी ती माळ आपोआप वाढते, गळ्यात येते, गळ्यातून पोटापर्यंत लोंबते. तुझी माळ दर वेळी वाढायची. आबा खूश व्हायचे. डोळे जिथल्या तिथं. एक माळ तुटली तर असावी म्हणून ते दोन आणायचे, आणि एकदा त्यातली दुसरी मी चोरून घातली. फ्रॉकाच्या आत लपवली. चार-दोन दिवसांनी बघते तर काय, माझीही बेंबीपर्यंत आलेली! मी बोंबलतच तुझ्याकडं पळाले, "अक्का, ही कुणाच्याबी अंगावर वाढती!" तू आधी एक चापट मारलीस, मग माझ्या तोंडावर हात ठेवलास. "गप. आबांला सांगू नको. त्यांला तेवढाच आधार हाय."

तुला तेव्हापासून सगळं कळत होतं. तू स्वतःच अजून परकर-पोलक्यातली होतीस, आणि बापाला कशाचा आधार लागतो हे तुला ठाऊक होतं.

आणि तुला दम लागायचा. बकऱ्यांमागं बांध चढताना तू मध्येच बसायचीस आणि म्हणायचीस, "चप्पल तुटली." मी बघायचे तर चप्पल धडधाकट. "तुटली म्हणलं ना! डोळे हायेत का बटणं?" असं माझ्यावरच उखडायचीस. मग थोड्या वेळानं उठून चालायला लागायचीस. बरगडीखाली डाव्या अंगाला गच्च लागतं, असं एकदा म्हणाली होतीस, तेही असं सांगितलंस की जणू शेजारणीचं गाऱ्हाणं सांगायलीस. भाकऱ्या, पाणी, शेण, मेंढरं, माझी वेणी, माझी शाळा, कशातच तू कमी पडली नाहीस. मी सेलूला शिकायला आले, शिवण शिकले, आज चार पैसे मिळवते, ते तू तुझ्या तुटलेल्या चपलेवर बांध चढत राहिलीस म्हणून. हे तुला तोंडावर कधी म्हणाले नाही. म्हणाले असते तर तू म्हणाली असतीस, "बास, लय झालं, भाजीत मीठ टाक."

तुला बघायला आले तो दिवस मला आजही दिसतो. आबांनी सकाळीच बजावलं होतं, "नजर खाली ठेव. वर बघू नको." तू सगळा वेळ सतरंजीकडं बघत बसलीस. नाव विचारलं, सतरंजीला सांगितलंस. तुझी सासू जाम खूश. "पोरगी लय सालस हाय, मान वर करत न्हाई!" आम्ही आत तोंडात पदर कोंबून हसलो. लग्न झाल्यावर चार दिवसांत त्यांना खरं कळलं, आणि मग वर्षानुवर्षं तुला हळकुंड म्हणून हाक मारली त्यांनी. मी चिडायचे. तू म्हणायचीस, "हळद लग्नाला लागतीच की. चांगलंच नाव हाय."

पण ते तुला लागलं होतं. लागलं नसतं तर दिवाळीत तू माझ्याशी तशी भांडली नसतीस.

वैशूवरून भांडलो आपण. तुझी वैशू सहावीत, उंच, बोलायला तुझ्यासारखी फटकळ, आणि डोळेही तुझेच. मी म्हणाले, परभणीला नेऊ, रक्त तपासू, हे काय आहे ते एकदाचं कळू दे. माझ्या एका गिऱ्हाइकाची सून दवाखान्यात कामाला आहे, तिनं मला सांगितलं होतं की असं घराण्यात चालत आलेलं पिवळेपण म्हणजे कावीळ नव्हे, रक्तातच काही असतं. तू हातातला पोळपाट आपटलास. "तुहे डोळे पांढरे हायेत. तुला काय कळतंय?" मी म्हणाले, पांढरे आहेत म्हणूनच मला सरळ दिसायलंय. मग तू जे बोललीस ते मी विसरणार नाही. "मंगे, पिवळे डोळे खाली ठेवता येतात. दवाखान्यानं लिहून दिलेलं खाली ठेवता येत न्हाई. उद्या कुणी सून करून घेईल का हिला?" आणि माझा हात धरून झोपलेल्या वैशूच्या डोक्यावर ठेवलास. "हिची शप्पथ घे. कुणाला सांगायचं न्हाई." मी घेतली. चहा न पिता सेलूला परत आले. त्यानंतर किती तरी दिवस आपण बोललो नाही. दोघींनाही मोडायचं माहीत, वाकायचं माहीत नाही.

बोलणं सुरू झालं ते तुझ्या धाकट्याच्या, सोन्याच्या गालांवरून. तूच फोन केलास, काही झालंच नव्हतं अशा आवाजात. "अगं, गंमत ऐक. सोन्याचे दोन्ही गाल लालभडक झालेत, जसं कुणी थोबाडीत दिल्यात. सासूबाई मलाच विचारायल्यात, पोराला कामून मारलंस? म्या हात बी लावला न्हाई!" शाळेतल्या बऱ्याच लेकरांचे गाल तसे झाले होते. थोडा ताप, थोडी सर्दी, गाल लाल, चार दिवसांत पोरं परत चिंचेच्या झाडावर. आपण दोघी फोनवर हसलो. मी मनात म्हणाले, बरं झालं बाई, भांडण मिटलं. त्या तापाचे मी तेव्हा आभार मानले, अक्का.

मग तुला कणकण आली, वैशूलाही आली. अंग दुखलं, गेलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझ्या सासूनं आबांना निरोप धाडला: दोघींचे डोळे पांढरे झाले! मायलेकी दोघींचे! आबा मेंढरं दुसऱ्याच्या ताब्यात देऊन धावत तुझ्या गावी गेले. तुझी हनुवटी धरून उजेडाकडं केली. जन्मभर ज्या पिवळ्यापायी माळा आणल्या, अंगारे आणले, ते पिवळं खरोखर नव्हतं.

नवस तर तुझ्या जन्मापासूनचा. "लेकीच्या डोळ्यातलं पिवळं जाऊ दे, बोकड देईन." पहिला सोडलेला बोकड म्हातारा होऊन मेला, मग त्याच्या वंशातला दुसरा सोडला, मग तिसरा. आबा म्हणायचे, "पीर दमानं घ्यायलाय, आपण बी दमानं घेऊ." आता ते थांबायला तयार नव्हते. मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला होता. "मंगल, आईतवारी ये. माह्या लेकीचं उतरलं!" मी ब्लाउजं टाकून आले. देवगाव फाट्यावर उतरले, तिथून दाजींनी गाडीवर आणलं, आणि तेही रस्ताभर बोलत होते. एवढं बोलताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

तू गोरी दिसायली होतीस. मी तसंच म्हणाले, "अगं, गोरी झालीस की! काय लावायलीस?" तू म्हणालीस, "पांढऱ्या डोळ्यांच्या बहिणीचं तोंड बघितलं." सगळ्या बाया हसल्या. पीराच्या ओट्याकडं जाताना तो एवढासा चढ आहे, तिथं तू मध्येच बसलीस. हात छातीवर. मी मागं वळले. तू म्हणालीस, "चप्पल तुटली गं." पीराला जायचं म्हणून आपण सगळ्या अनवाणी होतो. मी तुझ्या पायांकडं बघितलं, तू माझ्याकडं बघितलंस, आणि मला वाटलं तू चेष्टा करायलीस. मी हसत पुढं गेले.

तू सगळ्यांना वाढलंस. मी सांगितलं बस म्हणून, पण स्वतःच्या कंदुरीला कोण बसतं? वैशू एका कोपऱ्यात चटईवर आडवी होती. तिची आजी येईल त्याला सांगायची, "पोरीचं बी उतरलं, एका बोकडात दोन कामं झाली!"

दुसऱ्या दिवशी तू चुलीपुढं पडलीस. सेलूच्या डॉक्टरांनी तुला बघितलं आणि खालीही उतरवू दिलं नाही, त्याच गाडीतून परभणीला पाठवलं. मी रात्रीच परतले होते, सेलूतच गाडीत बसले. तुझं डोकं मांडीवर होतं. तुझा श्वास भात्यासारखा चाललेला, आणि तू विचारतेस काय, तर "भांडी घासली का कुणी?"

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभरा बोलणाऱ्या, पण आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांनी तुझी खालची पापणी बोटानं ओढली. आत पांढरं फटक. आबा माझ्या शेजारी उभे होते, त्यांनीही बघितलं. अक्का, आपला बाप रोज मेंढरांच्या पापण्या उलट्या करून बघतो. पापणी पांढरी दिसली की मेंढराला जंत झाले, रक्त गेलं, औषध पाजा. "पिवळंच बघत बसलो गं," ते म्हणाले. "लेकीची पापणी बघायची सुचली न्हाई मला."

रक्ताची बाटली लावायची धावपळ सुरू झाली. त्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना कावीळ होती का?" तुझ्या सासूबाई घाईनं म्हणाल्या, "व्हती, पण उतरली बाई. कालच नवस फेडला." डॉक्टरीणबाईंचं लक्ष आबांच्या डोळ्यांकडं गेलं. "बाबा, तुमचे डोळे जन्मापासून असेच आहेत?" आबांनी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग आणखी कुणाचे? यांच्या मुलांपैकी कुणाचे?"

"न्हाईत," सासूबाई म्हणाल्या. "लेकरं चांगली हायेत." दाजींनी भिंतीकडं तोंड केलं.

मी तुझ्याकडं बघितलं. तुझ्या तोंडावर मास्क होता. बोलता येत नव्हतं. पण तू ऐकत होतीस, सगळं ऐकत होतीस. चादरीवरचा तुझा हात उचलला गेला आणि बोटं हलली. नको. दोनदा हलली. मला ते दिसलं, अक्का. दिसलं नाही असं मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही.

मी म्हणाले, "पोरगी. तिचे बी असेच हायेत. होते. आता पांढरे झालेत."

डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला. "पांढरे झालेत? कुठं आहे ती? आत्ताच्या आत्ता घेऊन या तिला."

आणि तू डोळे मिटलेस. रागानं मिटलेस, का डोक्यावरचं ओझं कुणी तरी उतरवून घेतल्यावर मिटतात तसे, हे मला कळलं नाही. तुझ्या कानाशी वाकून विचारायला पाहिजे होतं. पण जीप खाली उभी राहिली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला होता. मी तुझ्या पायाला हात लावला आणि पळाले. आपली शेवटची भेट ती. तुझे पाय थंड होते.

वैशू घरी बकऱ्यांच्या कुडाशेजारी बाजेवर पडलेली. शेजारणी म्हणाल्या, आईची फिकर घेतलीय पोरीनं. ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते. उठवलं तर तिला उभं राहता येईना. मी कडेवर घेतलं. एवढी सहावीतली लांब पोर, तिचे पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. "माय आली का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, आपणच चाललोय तिच्याकडं.

दाजींचा फोन आला तेव्हा आम्ही सेलू ओलांडलं होतं. ते नुसते रडले. पहिली बाटली चालू होती, पण तुझ्या काळजानं तेवढी वाट बघितली नाही. वैशू माझ्या मांडीवर होती. तिनं विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हणाले, "गिऱ्हाईक." ड्रायव्हरला म्हणाले, जल्दी चल भाऊ. परभणी येईपर्यंत मी तोंडातून आवाज काढला नाही. ओढणीचं टोक दातात धरलं होतं, ते अजून फाटकंच आहे.

दवाखान्यात पोचल्यावर मी आधी लेकरांच्या वॉर्डात गेले. तुझ्याकडं उशिरा आले, आणि मुद्दाम उशिरा आले. तुझं तोंड बघितलं असतं तर पोरीसाठी माझे पाय उचलले नसते. मी रक्त दिलं. ते तिला गेलं का दुसऱ्या कुणाला, माहीत नाही, पण बदल्यात तिला बाटली मिळाली, मग दुसरी मिळाली. सुई टोचताना आयुष्यात पहिल्यांदा मला या कोऱ्या रगताचं बरं वाटलं.

आता ऐक काय झालं होतं. हे मला डॉक्टरीणबाईंनी नंतर बाकावर बसून समजावलं, आणि तुला कुणीच सांगितलं नाही. आपल्या घराण्याच्या रक्तातले तांबडे कण पाहिजेत तसे चपटे नाहीत, गोल आहेत. म्हणून ते लवकर फुटतात. बाकीच्यांच्या अंगात एक कण तीन-चार महिने टिकतो, आपल्याकडं फार थोडे दिवस. ते फुटतात त्याचंच पिवळं डोळ्यात उतरतं. आणि फुटलेले भरून काढायला हाडातला मगज रात्रंदिवस नवीन कण करत राहतो. ज्याच्या कणगीत धान्य आहे त्याला गिरणी आठवडाभर बंद राहिली तर कळतही नाही. जो रोज दळून रोज खातो त्याच्या घरी मात्र उपास पडतो. तो गालाचा ताप म्हणजे एक विषाणू. तो नेमका जाऊन ही गिरणीच बंद पाडतो, सगळ्यांचीच पाडतो, थोडेच दिवस. सोन्याचे डोळे पांढरे, त्याला पत्ता लागला नाही. तुझी गिरणी बंद झाली आणि कणगी तर आधीच रिकामी. नवीन रक्त होईना. जुनं फुटून फुटून संपत आलं. फुटायलाच काही उरलं नाही म्हणून पिवळं गेलं. बाकी काही नाही. पीरानं काही केलं नव्हतं, तुझं काही उतरलं नव्हतं. तुझं रक्त संपायलं होतं आणि आम्ही भावकीला जेवायला बोलावलं.

मी विचारलं, मग आबा कसे वाचले? त्या म्हणाल्या, लहानपणी येऊन गेला असेल त्यांना, एकदा येऊन गेला की सहसा परत येत नाही. आबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी ते एकदा महिनाभर अंथरुणाला खिळले होते, बापानं पुरायच्या खड्ड्याची जागासुद्धा बघून ठेवली होती. सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. "म्या जगलो आन्‌ तिला दिलं," म्हणाले. मी त्यांना म्हणाले, आबा, तुम्ही दिलं नाही, आलं ते. ते ऐकत नाहीत. मेंढरात जाऊन बसतात.

तुला घरी आणलं. सवाष्ण गेली म्हणून बायांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, हळद लावली. तुझ्या सासूबाई दोन्ही हातांनी तुझ्या गालांना हळद चोळायल्या होत्या आणि ओक्साबोक्शी रडायल्या होत्या. "माही हळकुंड गेली गं," असं म्हणत होत्या. त्यांच्यावर माझा राग आहे, पण ते रडणं खोटं नव्हतं. आणि हळद लागली तशी तू परत आपल्या घरातली दिसायला लागलीस. मला ते बघवलं नाही. मी बाहेर येऊन बांधावर बसले.

तेरवीला त्याच सासूबाई चार बायांत म्हणाल्या, "मरती बहीण हातानं नको म्हणायली, आन्‌ हिनं भर दवाखान्यात पोरीला डाग लावला." म्हणजे त्यांनाही तुझी बोटं दिसली होती. मी पंगतीत उभी होते, हातात वरणाची बादली. मी म्हणाले, "मावशी, म्या गप बसले असते तर आज कावळ्याला दोन पानं वाढली असती." दाजी उठले, माझ्या हातातली बादली घेतली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, वैशूला काही दिवस तुमच्याकडं सेलूला राहू द्या." तुझा नवरा एवढं बोलला, अक्का. तू असतीस तर त्याला चिडवून बेजार केलं असतंस.

म्हणून ती इथं आहे. माझ्या मशीनशेजारी पडून असते, चिंध्यांच्या बाहुल्या करते, आणि कधी कधी विचारते, "मावशी, माय माह्यामुळं मेली का? सोन्यामुळं मेली का?" मी सांगते, कुणामुळं नाही. एकदा म्हणाली, "मग पीरामुळं?" मी तिच्या हातात नवीन चिंधी दिली.

तुझ्यामाझ्यातलं भांडण अर्धवटच राहिलं. तू म्हणत होतीस ते मला आता जास्त कळतं. उद्या हिला बघायला येतील, कुणी तरी काही तरी बोलेल, दोन स्थळं माघारी जातील, हेही होईल. तुझी भीती खोटी नव्हती. पण मी हिला नजर खाली ठेवायला शिकवणार नाही. दवाखान्याचा कागद कपाटात, साड्यांवर, समोरच ठेवलाय. तुला माझा राग आला असेल तर येऊ दे, तो मी घेते. शप्पथ मोडली ती हिच्याच डोक्याची होती, आणि ती मोडली म्हणून ते डोकं अजून उशीवर आहे. अजून तुझ्याशी भांडायची माझी तयारी आहे. तू ये आणि पोळपाट आपट. सगळं घर आपट.

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना सांगितलं होतं, डोळे रोज बघा. पिवळं परत यायला लागलं की समजा, हाडातलं काम सुरू झालं. पिवळं गेलं आणि पोर मलूल झाली, तर आनंद करत बसू नका, गाडीत घाला. आबांनी ते माझ्याकडून दोन-तीनदा वदवून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन येतो. जेवली का, झोपली का, काही नाही. एकच विचारतात. ज्या माणसानं पिवळं जावं म्हणून बोकडाच्या तीन पिढ्या पीराला सोडल्या, तो रोज विचारतो, "पिवळं हाय का गं?" आणि मी रोज सांगत होते, "न्हाई आबा. अजून न्हाई."

आज सकाळी तिला उठवलं. दारात उजेडाला नेलं. खालची पापणी ओढली, आत गुलाबी. वर बघ म्हणाले. पांढऱ्यात, कोपऱ्याकडं, जुन्या धोतरासारखी झाक. मला वाटलं, दाराच्या पडद्याचा रंग पडलाय. मी पडदा काढून टाकला. परत बघितलं. ती वैतागली, "मावशी, मला शी लागली!" मी तिला सोडलं आणि दाराला धरून उभी राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. "पिवळं हाय का गं?"

"हाय, आबा."

तिकडून मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या ऐकू आल्या. मग म्हणाले, "नीट बघितलंस का?"

"नीट बघितलं. पिवळं हाय."

ते रडायला लागले, मीही रडले, आणि वैशू बाहेरून येऊन दोघांवर ओरडली की सकाळी सकाळी काय लावलंय. अक्का, तुझी पोर तुझ्यासारखीच पिवळी हाय, आणि आत्ता माझ्या समोर बसून चहात बिस्कीट बुडवायलीय.